संत्र्याच्या शिरक्याचे किण्वन मंदावले तर : तपासणीचा क्रम

आंबिया बहाराची तोडणी आटोपली की काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या विदर्भातल्या संत्रापट्ट्यातल्या बागांत बारीक, डागी किंवा उन्हाचा चट्टा पडलेले फळ शिल्लक राहते. व्यापारी ते उचलत नाही आणि उचललेच तर तोडणीची मजुरीही निघत नाही. अशा फळाचा शिरका, म्हणजेच व्हिनेगर, घरी करता येतो. मात्र पहिल्याच खेपेला बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. यीस्ट घालून तीन-चार दिवस झाले तरी रस फसफसत नाही, किंवा जोरात फसफसून मध्येच गप्प होतो. मग एक जण साखर ओततो, दुसरा यीस्टची आणखी एक पुडी रिकामी करतो, तिसरा बरणी चुलीजवळ नेऊन ठेवतो, आणि एवढे सगळे एका दिवसात झाल्यावर मूळ कारण काय होते हे शोधण्याची सोयच उरत नाही. म्हणून हा लेख वाचताना एक पथ्य पाळावे : कारण सापडेपर्यंत रसात काहीही घालू नये.

मी हे काम १० लिटर रसाच्या प्रमाणात करतो, त्यामुळे पुढची सगळी मापे त्याच हिशोबाने दिली आहेत. सोललेल्या साधारण २५ किलो फळांतून एवढा रस निघतो.

प्रक्रियेचे दोन टप्पे आहेत आणि ते वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे आहे. पहिल्या टप्प्यात यीस्ट रसातल्या साखरेचे अल्कोहोल करते आणि कर्बवायू बाहेर सोडते. दुसऱ्या टप्प्यात ॲसिटिक आम्ल तयार करणारे जिवाणू हवेतला प्राणवायू घेऊन त्या अल्कोहोलचे आम्ल करतात. किण्वन मंदावले असे कोणी म्हणाले, तर आधी कोणत्या टप्प्यातले ते विचारावे, कारण पहिल्या टप्प्यावरचा उपाय दुसऱ्या टप्प्यात निरुपयोगी असतो आणि काही वेळा घातकही ठरतो.

सुरू करण्याआधी : साहित्य आणि कागदपत्रे

• १५ लिटरची काचेची बरणी, खाद्यपदार्थांसाठीचा प्लास्टिक डबा किंवा स्टीलचा गंज, म्हणजे उभे पातेले. फसफसताना फेस वर येतो, म्हणून एक तृतीयांश जागा रिकामी हवी.
• हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत द्रव किती दाट आहे ते दाखवणारे तरंगते उपकरण) आणि त्याची उंच नळी.
• ० ते १०० अंश सेल्सिअस दाखवणारा थर्मामीटर.
• बेकरीत वापरतात ते कोरडे यीस्ट, मुदत संपलेली नसलेले.
• घट्ट विणीचे सुती कापड आणि दोरी.
• नोंदवही. रोजची वेळ, तापमान आणि हायड्रोमीटरचा आकडा तिच्यात लिहिला नाही, तर पुढची तपासणी अंदाजावर चालते.
• विक्री करायची असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी, त्यासाठी ओळखपत्र, फोटो आणि जागेचा पुरावा.

भांड्याबाबत दोन गोष्टी ठणकावून सांगतो. तांब्या-पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे आम्लामुळे खराब होते आणि धातू रसात उतरतो. आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही वेळा धुतला, तरी तो या कामासाठी कधीही वापरायचा नाही.

कायद्याची बाजूही आधीच पाहून घ्यावी. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे आणि बाळगणे गुन्हा आहे, आणि शिरक्याच्या पहिल्या टप्प्यातल्या द्रवात ५ ते ६ टक्के अल्कोहोल असते. तो द्रव पिण्यासाठी नाही, साठवण्यासाठी नाही, कोणाला देण्यासाठी तर नाहीच. कामाला लागण्यापूर्वी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात अर्ज देऊन, किती लिटर आणि कशासाठी ते स्पष्ट लिहून, लेखी उत्तर घ्यावे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पूर्ण दारूबंदी आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांनी हे उत्तर हातात पडेपर्यंत रस काढूच नये. गावात आधी कोणीतरी केले होते, हे कोणत्याही कार्यालयात उत्तर म्हणून चालत नाही.

१. खरोखर मंदावले आहे का, ते मोजा

डोळ्यांना दिसणारे बुडबुडे हा पुरावा नाही. झाकण नीट बसले नसेल, तर वायू कडेने निसटतो आणि झाकणाला वायू जाण्यासाठी लावलेल्या नळीतून एकही बुडबुडा येत नाही, पण आत काम व्यवस्थित चालू असते. यीस्ट घातल्यावर २५ ते २८ अंश तापमानात १२ ते २४ तासांत फेस दिसायला हवा. थंडीत ४८ तासांपर्यंत वाट पाहावी. तेवढा धीर धरूनही काही हालचाल नसेल, तरच पुढची तपासणी करावी.

मोजण्यासाठी हायड्रोमीटरच वापरावा. संत्रापट्ट्यात गोडी तपासायचा हातातला ब्रिक्स मीटर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची अंदाजे टक्केवारी) सहज मिळतो आणि अनेक जण त्यावरच विसंबतात. किण्वन सुरू होण्यापूर्वी तो अगदी बरोबर आकडा देतो, पण रसात अल्कोहोल तयार झाले की त्याचा आकडा फसवा होतो. ११ ब्रिक्सपासून सुरू केलेला रस पूर्ण किण्वित झाल्यावरही हा मीटर ४ ते ४.५ दाखवतो, आणि नवखा माणूस साखर शिल्लक आहे असे समजून पुन्हा यीस्ट घालतो. या एका गैरसमजामुळे जितका रस वाया जातो, तितका थंडीनेही जात नसेल.

हायड्रोमीटरवर ११ ब्रिक्सचा रस सुरुवातीला सुमारे १.०४४ दाखवतो आणि काम संपल्यावर १.००० ते १.००५ च्या दरम्यान येतो. मोजण्यापूर्वी नमुना दोन पेल्यांत वरखाली ओतून त्यातला वायू काढावा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात. द्रव ३० अंशांवर असेल तर आकडा ०.००२ ते ०.००३ ने कमी येतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

सलग तीन दिवस आकडा तोच आहे आणि तो १.००५ किंवा त्याखाली आहे, तर किण्वन मंदावलेले नाही, ते संपले आहे. तिथून थेट सहाव्या पायरीवर जावे. आकडा १.०२० किंवा त्याच्या आसपास अडून बसला असेल, तर मात्र रस खरोखर अडला आहे.

२. तापमान पाहा, आणि पहाटेचे पाहा

बेकरीच्या यीस्टला २५ ते ३० अंश तापमान मानवते. १५ अंशांखाली ते जवळजवळ झोपते, ३५ च्या वर थकते आणि ४० च्या पुढे मरू लागते. विदर्भात अडचण अशी, की आंबियाचे फळ हातात येते तेव्हा कडाक्याची थंडी असते आणि मृगाचे, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या बहाराचे, फळ संपेपर्यंत ऊन चढलेले असते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरकडे रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. दुपारी दोनला थर्मामीटर लावणाऱ्याला २६ अंश दिसतात आणि तो निश्चिंत होतो, पण पहाटे पाचला त्याच बरणीत १४ अंश असतात. म्हणून रसातले तापमान सकाळी सर्वांत आधी, चहाच्याही आधी, मोजावे. खोलीतल्या हवेचे तापमान येथे कामाचे नाही.

थंडीवरचा पहिला उपाय म्हणजे बरणी फरशीवरून उचलणे. सिमेंटची फरशी रात्रभर उष्णता ओढून घेते, त्यामुळे खाली लाकडी पाट आणि त्यावर दुहेरी पोते टाकावे. बरणीभोवती गोधडी गुंडाळावी, किंवा मोठ्या टोपल्यात बरणी ठेवून चारही बाजूंनी तुरीचे कोरडे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, दाबून भरावे. कुटार हे घरात फुकट मिळणारे सर्वांत चांगले उबदार वेष्टन आहे, आणि किण्वनातून निर्माण होणारी थोडी उष्णताही ते आत धरून ठेवते. मात्र कुटार ओले झाले की त्याला बुरशी धरते, म्हणून फेस उतू जात नाही ना ते पाहावे. यानेही भागले नाही, तर बरणी टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ ३५ अंशांच्या आसपासचे कोमट पाणी टबात घालावे.

चुलीजवळ किंवा उन्हात बरणी ठेवण्याचा मोह आवरावा. दिवसा ३८ आणि रात्री १५ अशा हेलकाव्यापेक्षा सतत २० अंश असलेले बरे. २० अंशांवर काम आठ-दहा दिवस लांबेल, पण ते पूर्ण होईल.

मार्च-एप्रिलमध्ये मृगाचे फळ असेल तर सगळे उलटे करावे लागते. टिनाच्या शेडमध्ये बरणी अजिबात ठेवू नये. मातीच्या भिंतींची मधली खोली उत्तम. तशी खोली नसेल तर बरणीला ओले पोते गुंडाळून ती कुलरच्या झोतात ठेवावी.

३. रस तपासा : सालीचे तेल, संरक्षके आणि पाणी

तापमान योग्य असूनही किण्वन सुरूच होत नसेल, तर माझा पहिला संशय सालीच्या तेलावर असतो. संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचे सुवासिक तेल असते. साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवर पिळली की जे तडतडते, तेच हे. थोड्या प्रमाणातही ते यीस्टची वाढ रोखते. हाताने सोलून काढलेल्या रसात ते फारसे उतरत नाही, पण अख्खे फळ अर्धे कापून यंत्रात दाबले, तर सालही दाबली जाते आणि तेल रसात मिसळते.

तपासणी सोपी आहे. रस रुंद तोंडाच्या गंजात काढून तासभर न हलवता ठेवा आणि उजेडाकडे तिरपे पाहा. पृष्ठभागावर बारीक, चमकणारे थेंब किंवा रंगीत तवंग दिसला, बोट बुडवून चोळल्यावर बोट तुळतुळीत झाले आणि धुतल्यावरही सालीचा तीव्र वास राहिला, तर तेल आहे असे धरावे. वरचा थर पळीने काढून टाकावा. मग रस उघड्या गंजात ७० अंशांपर्यंत तापवून १० मिनिटे ठेवावा, म्हणजे वाफेबरोबर बरेचसे तेल निघून जाते. रस ३० अंशांवर आल्यावर एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून आठ-दहा वेळा ओतावा. तापवल्याने रसातली विरघळलेली हवा निघून जाते आणि सुरुवातीच्या वाढीसाठी यीस्टला ती लागते. पुढच्या खेपेला फळ सोलूनच रस काढावा आणि बिया चिरडू देऊ नयेत, त्यांच्यामुळे कडवटपणा येतो.

बाटलीबंद रस किंवा स्क्वॅश वापरला असेल, तर लेबल वाचावे. सोडियम बेन्झोएट, पोटॅशियम सॉर्बेट किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट यांपैकी काही लिहिलेले असेल, तर किण्वन सुरू होण्याची अपेक्षाच ठेवू नये, कारण ती द्रव्ये त्यासाठीच घातलेली असतात. स्वतः मेटाबायसल्फाइट वापरणाऱ्यांनी लिटरला ०.१ ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि २४ तास थांबूनच यीस्ट घालावे. प्रमाण जास्त झाले असेल तर रस वरखाली ओतून कापडाखाली आणखी एक दिवस उघडा ठेवावा.

पाणी घालायचे झाल्यास उकळून गार केलेले घालावे. नळयोजनेच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल, तर ते तसेच वापरू नये.

४. यीस्ट जिवंत आहे का?

अर्धा कप ३८ अंशांचे कोमट पाणी, एक चमचा साखर आणि अर्धा चमचा यीस्ट एकत्र करा. १० ते १५ मिनिटांत जाड फेस आला तर यीस्ट चांगले आहे. नुसते पाणी गढूळ झाले, तर ती पुडी फेकून द्यावी. तालुक्याच्या दुकानात पुडी उन्हाळाभर काउंटरवर पडलेली असते, त्यामुळे छापील मुदत बाकी असूनही यीस्ट मेलेले निघू शकते. उघडलेली पुडी हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवावी.

१० लिटरला ५ ते १० ग्रॅम, म्हणजे दोन ते तीन सपाट चमचे कोरडे यीस्ट पुरते. ते थंड रसावर भुरभुरवू नये. आधी कोमट पाण्यात भिजवावे, आणि ते पाणी व रस यांच्या तापमानातला फरक १० अंशांपेक्षा कमी झाल्यावरच मिसळावे.

५. अडलेला रस पुन्हा चालू करणे

येथपर्यंत कारण सापडले असेल, तर ते आधी दूर करावे. त्यानंतर लगेच नवीन यीस्ट घालायची गरज नसते. स्वच्छ, उकळत्या पाण्याने धुतलेल्या पळीने तळाचा गाळ हलकेच ढवळावा आणि दोन दिवस पाहावे. बऱ्याचदा तळाशी बसलेले यीस्ट ऊब मिळताच उठते.

तेवढ्याने आकडा हलला नाही, तर यीस्टला खाद्य कमी पडले असण्याची शक्यता आहे. संत्र्याच्या रसात नत्र असते, पण त्याचा मोठा भाग प्रोलिन या रूपात असतो आणि हवा नसताना यीस्टला ते वापरता येत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर बहुधा हेच कारण असते. उपाय घरातच आहे : एक चमचा कोरडे यीस्ट अर्धा कप पाण्यात १० मिनिटे उकळून, गार करून रसात घालावे. मेलेल्या यीस्टमधले पोषक घटक जिवंत यीस्टला मिळतात.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. दारू किंवा शिरका बनवण्याच्या परदेशी माहितीत डायअमोनियम फॉस्फेट घालायला सांगितलेले असते, त्याचे लघुरूप डीएपी. ते वाचून कोठारातल्या खताच्या पोत्यात हात घालू नये. शेतीचे डीएपी हे खत आहे, ते खाण्यासाठी शुद्ध केलेले नसते. पोत्यावर तेच नाव छापलेले असले, तरी ते रसात जाता कामा नये.

शेवटचा उपाय म्हणजे विरजणासारखे चढते यीस्ट तयार करणे. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे साखर आणि दोन चमचे यीस्ट घालून फेस येऊ द्यावा. त्यात तेवढाच अडलेला रस मिसळावा आणि तीन-चार तासांनी पुन्हा फेस आला की जमलेल्या मिश्रणाएवढा रस आणखी मिसळावा. असे दोन-तीन वेळा करून सवयीला आलेले यीस्ट मोठ्या बरणीत ओतावे. अल्कोहोल असलेल्या रसात कोरडे यीस्ट थेट टाकले, तर ते बहुतेक वेळा तग धरत नाही.

साखर घालण्याचा सल्ला गावात सर्वांत आधी मिळतो, आणि अडलेल्या रसाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. आधीची साखरच संपलेली नसताना नवीन कोण खाणार? साखर घालायचीच असेल तर ती सुरुवातीला, रस १० ब्रिक्सच्या खाली असेल तेव्हा, लिटरला १० ग्रॅममागे १ ब्रिक्स वाढतो या हिशोबाने घालावी.

रसाला नेलपॉलिशसारखा वास येत असेल तर आम्ल तयार करणारे जिवाणू वेळेआधीच शिरले आहेत. आम्ल वाढले की यीस्ट थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि त्या खेपेचा शिरका कमजोर होतो. असा रस दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये, तो खताच्या खड्ड्यात टाकावा.

६. दुसरा टप्पा मंद असेल तर

पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर वरचा स्वच्छ द्रव रुंद तोंडाच्या बरणीत काढावा, बरणी अर्धी ते दोन तृतीयांशच भरावी आणि त्यात एक चतुर्थांश भाग जिवंत शिरका घालावा. हे मिश्रण अजिबात विलंब न करता करावे. येथे सर्वांत जास्त फसगत बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमुळे होते. लेबलवर सिंथेटिक असे लिहिलेले असेल तर ते ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले आहे, त्यात एकही जिवाणू नाही. पाश्चराइज केलेले सफरचंदाचे व्हिनेगरही तसेच निर्जीव. तळाशी धाग्यासारखा गढूळ साका असलेले, न तापवलेलेच व्हिनेगर घ्यावे.

या टप्प्याला हवा लागते, म्हणून झाकण न लावता कापड बांधावे. कापडाची वीण घट्ट हवी, कारण चिलटे या वासावर तुटून पडतात. तापमान २५ ते ३० अंश. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वर दुधावरच्या पातळ सायीसारखा, राखाडी-पांढरा पापुद्रा धरतो. तो मोडू नये, बरणी हलवू नये. पापुद्रा कोरडा, केसाळ आणि हिरवा किंवा काळा दिसला तर ती बुरशी आहे, सगळे फेकावे.

एक ते तीन महिने लागतात. थंडीत वेळ वाढतो आणि त्याला इलाज नाही.

७. कधी थांबवायचे आणि किती आम्ल आहे

जिभेने अंदाज येतो, टक्केवारी येत नाही. पीएच कागदानेही येत नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलिन वापरून नमुना तपासून घ्यावा. १ मिलिलिटर शिरक्याला सोडियम हायड्रॉक्साइडचे हे द्रावण ८.३ मिलिलिटर लागले, तर आम्ल ५ टक्के आहे. अन्नसुरक्षा मानकांनुसार शिरक्यात किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल हवे. त्याखालच्या शिरक्यात लोणचे घालू नये, विकणे तर दूरच.

आकडा पुरेसा झाला की लगेच काम थांबवावे. अल्कोहोल संपल्यावरही हवा मिळत राहिली, तर तेच जिवाणू तयार झालेले आम्ल खाऊ लागतात आणि शिरका पुन्हा पातळ होतो. पुढच्या खेपेसाठी पापुद्र्यासह अर्धा लिटर वेगळा काढावा, उरलेला गाळून ६० ते ६५ अंशांवर अर्धा तास तापवावा आणि काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून घट्ट बूच लावावे. बाटलीवर तारीख, बहार आणि मोजलेली टक्केवारी लिहावी. पत्र्याची झाकणे वापरू नयेत, ती महिन्याभरात गंजतात.